शंभर रुपये आणि एक वही

(चिंचपोकळी स्टेशन, सकाळ. फक्त हात दिसतात.)

हे हात बघा, दादांचे. चेहरा दाखवायचा नाही असं ठरलंय त्यामुळे अख्ख्या व्हिडिओत तुम्हाला हे हातच दिसणार. वय बेचाळीस, राहायला भांडुपला, कामाला इथल्याच एका गोडाऊनमध्ये. आता खिशातून काय निघालं बघा, पाकीट नाही, छोटी वही निघाली. वडापाव २०. चहा १२. रोज सकाळी वहिनी, म्हणजे दादांची बायको, शंभर रुपये देतात, ट्रेनचा पास वेगळा, आणि संध्याकाळी वही आणि उरलेले पैसे परत. पगार वहिनींच्या खात्यात, फोन साधा बटणांचा. एवढ्या मोठ्या माणसाला खाऊचे पैसे असं वाटलं ना, आमचा कॅमेरामन तर पहिल्या दिवशी हसलाच. पण हा जुगाराच्या व्यसनावरचा उपचार आहे आणि दादांनी तो स्वतः मागून घेतलाय.

(माठ, पत्ते)

हा माठ आम्ही धारावीच्या कुंभारवाड्यातून आणला, खास शूटसाठी. मुंबईला जुगार नवीन नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला यावर इथे पैसे लागायचे, ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. ते भाव यायचे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत स्वतःचा मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. आधी माठातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढायचे, त्या गेल्या, पत्ते आले. हे बघा, तीन पत्ते काढायचे, चार, सहा, आठ, बेरीज अठरा, शेवटचा आकडा आठ, ओपन आठ. असेच परत तीन, तो क्लोज. गिरणगावात आकडा माहीत नाही असा माणूस सापडला नसता. जुगारबंदीचा कायदा तर १८८७ पासून होता. मटक्याला आळा बसावा म्हणून सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, आता यावर काय बोलायचं, तुम्हीच बोला.

पण मटक्यात एक गोष्ट होती, थांबावं लागायचं. ओपन लागला तरी क्लोजची वाट बघा. फोनवर पुढच्या बॉलवर पैसे लागतात, मिनिटात निकाल, लगेच परत. पैसे लावणं आणि निकाल यात वेळ जेवढा कमी तेवढी सवय लवकर जडते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदीचा कायदा झाला, तरी व्हॉट्सॲपवर पैसे लावायचा आयडी देणारे आहेतच, ते आधीही बेकायदाच होते.

(हॉस्पिटलबाहेरचा बाक)

ओपीडीत शूटिंगला परवानगी नव्हती म्हणून बाक. आत डॉक्टर आधी डिप्रेशन आहे का, झोप कशी आहे ते बघतात. काही जणांना नाल्ट्रेक्झोन देतात, दारू सोडताना देतात तीच गोळी, सगळ्यांना नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात हा आजार १९८० मध्ये आला, आणि त्यांनी तो दारू-ड्रग्जच्या रांगेत बसवला तो थेट २०१३ मध्ये. आपल्याकडे अजून "नाद आहे त्याला" एवढंच म्हणतात.

(टेबल, पाच रुपयांचं नाणं)

हा सीन मात्र नीट बघा, काउन्सेलर मॅडमनी त्यांच्या केबिनमध्ये करू दिला. नाणं दादांच्याच खिशातलं. उडवायचं आणि वहीत लिहायचं, छापा की काटा. छापा, छापा, छापा, छापा. मॅडम विचारतात आता काय येणार? दादा पटकन म्हणतात काटा, आता काटाच. का? "किती वेळ आला नाही ना." परत छापा. हात बघा दादांचे. यात एक रुपयाही लागलेला नाही, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, तरी बोटं थरथरतात, आणि पुढच्या वेळी नाणं जरा जास्तच वर जातं. मॅडमनी अर्ध्यातच नाणं काढून घेतलं. म्हणाल्या, आत्ता जे झालं ना अंगात, ते ओळखायला शिकायचं, खेळ नंतर. मग ती तलफ कधी येते त्याची यादी, पगाराचा दिवस, मॅच सुरू व्हायची वेळ, वहिनींशी भांडण झालं की. तलफ चढते आणि उतरतेही, उतरेपर्यंत काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. दादा दादरला उतरतात आणि माटुंग्यापर्यंत चालतात.

(खुर्च्या, चहाचे कप)

हा जुगार सोडू बघणाऱ्यांचा ग्रुप. गॅम्बलर्स ॲनॉनिमस, १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला, जगभर पसरला. आडनाव नाही, फी नाही. माणसं यायच्या आधी खुर्च्या शूट केल्या आणि गेल्यावर कप. हा कागद दाखवायची परवानगी दिली त्यांनी, कोणाचं किती देणं आणि महिन्याला किती जमेल, नावं खोडलीत. जुनी मंडळी नव्या माणसाला बसवून ही यादी करून घेतात. आणि इथे एक गोष्ट मोठ्याने सांगायचीय, घरच्यांनी एकदम कर्ज फेडू नका. दादांचं दोनदा फेडलं, एकदा भावाने, एकदा सासऱ्यांनी पीएफ काढून. दोन्ही वेळा सगळे म्हणाले चला सुटला. कर्ज संपलं म्हणजे लोन ॲपवर परत लिमिट मोकळं, तीन महिन्यांत पुन्हा तेच, आधीपेक्षा मोठं. आता हप्ते दादाच भरतात, हळूहळू, वहिनींच्या हातून.

दागिने गेले, मुलगी वर्षभर बोलली नाही, एकदा रात्री रुळांजवळून परत आले. कोणाच्या मनात असं काही येत असेल तर १४४१६, टेलिमानस, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

(भांडुप, घर, संध्याकाळ. कुकरची शिट्टी.)

वही टेबलावर. वडापाव २०, चहा १२, केळी २५. सत्तावन्न. वहिनी पैसे मोजतात, अडतीस. परत मोजतात.

"पाच कमी आहेत."

दादा खिसे चाचपतात, शर्टाचा, पँटचा, बॅग उलटी करतात. वहिनी काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. कॅमेरामागून आम्हालाच सांगावंसं वाटलं पण गप्प बसलो. मग दादांनाच आठवलं, नाणं मॅडमकडेच राहिलं.

वहिनींनी पेन घेतलं आणि लिहिलं, मॅडम ५.