‘गुन्हा कबूल’ म्हटलं की खटला संपतो का?

मंडळी, सीबीडी बेलापूरच्या कोर्टात एखाद्या सकाळी नुसतं मागच्या बाकावर जाऊन बसा. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, लांबलचक असतो. आरोपीचा पुकारा होतो, त्याला आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे? तो ‘कबूल’ म्हणाला की विषय मिटला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कबुली नोंदवणं न्यायाधीशांवर बंधनकारक आहे. तिच्या आधारे दोषी ठरवणं त्यांच्या विवेकावर सोडलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेसारखंच ठेवलंय.

आणि कबुली म्हणजे तरी काय? ‘हो साहेब, मोबाइल माझ्याकडे सापडला, पण मी तो विकत घेतला होता.’ ही चोरीची कबुली नाही. ‘मारलं, पण आधी त्याने काठी उगारली.’ हा तर बचाव झाला! दोन्ही ठिकाणी कागदावर नुसतं ‘गुन्हा कबूल’ उमटलं, तर माणूस न केलेल्या गुन्ह्यात अडकतो. म्हणूनच समन्स खटल्यात, म्हणजे लहान गुन्ह्यांच्या खटल्यात, आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे लिहावेत, असं कायदाच सांगतो. तळोज्याच्या कारखान्यात राबणाऱ्या परप्रांतीय पोराला आरोप त्याच्या भाषेत समजावला का, हा प्रश्न त्याहून आधीचा.

कसाबचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. २० जुलै २००९ रोजी त्याने भर कोर्टात कबुली दिली. न्यायाधीश टहलियानी यांनी ती नोंदवून घेतली, पण खटला थांबवला नाही. उरलेले साक्षीदार तपासले आणि निकाल मे २०१० मध्ये लागला.

खरी गडबड लहान खटल्यांत होते. जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही, असा माणूस तुरुंगात महिनोन्‌महिने पडून राहतो. कच्ची कैद, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेले दिवस, शिक्षेतून वजा होते, तेव्हा हिशेब सोपा: कबूल केलं तर ‘भोगली तेवढीच शिक्षा’, संध्याकाळी घरी. लढायचं तर पुढची तारीख. कोर्टाचीही एक केस निकाली निघते. सगळे खूश, म्हणूनच मला भीती वाटते. पुढे नोकरीसाठी पोलिसांचा दाखला काढताना ती शिक्षा वर येते, आणि तोवर अपिलाची वाटही अरुंद झालेली असते: कबुलीवर दोषी ठरलेल्याला शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यावरच भांडता येतं.

गंमत बघा, २००६ पासून आपल्याकडे ‘प्ली बार्गेनिंग’ आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वाटाघाटीने शिक्षा कमी होते. स्त्रिया आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांना ती सोय नाही. प्ली बार्गेनिंगमध्ये न्यायाधीशांनी आरोपीला बंद दाराआड, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून विचारायचं असतं: अर्ज स्वतःहून केलास ना? साध्या कबुलीत मात्र सौदाही नाही, सवलतीची हमीही नाही, आणि ही बंद दाराआडची विचारपूसही सक्तीची नाही.

माझं म्हणणं, न्यायदंडाधिकाऱ्यांनी इथेही पाच मिनिटं काढावीत. पोलीस लांब उभे राहू देत. कोणाच्या सांगण्यावरून कबूल करतोस? वकिलाशी बोललास? विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, हे माहीत आहे? उत्तरं पटली नाहीत तर कबुली बाजूला ठेवून साक्षीदार बोलवावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.