मधलं अर्धं पान

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक मुलगा माझ्या घरी आला. मूळचा परभणी जिल्ह्यातला. बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात आला आणि नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत त्यानं ५ वर्षं काढली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा पास झाला, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. आता घरून पैसे येणं थांबलं होतं आणि त्याला नोकरी हवी होती. त्यानं पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वर ठळक अक्षरांत ‘बायोडाटा’. खाली नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, अविवाहित, दहावी-बारावी-पदवीचे टक्के. अगदी तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सही. मधलं अर्धं पान कोरं.

“मॅडम, पदवीनंतर मी काहीच केलेलं नाही,” तो म्हणाला. “इथं काय लिहू?”

भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात मी २६ वर्षं नोकरी केली. सुरुवातीला अर्ज पोस्टानं यायचे, गेटवर वॉचमनच्या टेबलावर गठ्ठा साठायचा. पुढे सगळे ईमेलनं येऊ लागले. मधलं पान कोरं असलेले असे अर्ज मी शेकड्यांनी पाहिले आणि त्यातले बहुतेक बाजूला ठेवले. समोर दोनशे अर्ज, जागा एक, आणि संध्याकाळपर्यंत प्रॉडक्शन मॅनेजरला दहा नावं द्यायची, अशी ती घाई असायची. या मुलाशी बोलल्यापासून मात्र मला राहून राहून वाटतंय, त्या बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात किती कामाची माणसं गेली असतील. म्हणून नोकरीचा बायोडाटा, म्हणजेच रेझ्युमे, कसा लिहावा याबद्दल आज तुमच्याशी बोलायला आले आहे.

अर्ज चाळणारा माणूस तुमचा कागद पहिल्या फेरीत वाचत नाही, तो त्यात शोधत असतो. आम्हाला जे काम करून घ्यायचंय ते या माणसानं कधी केलंय का, एवढंच त्याला हवं असतं. त्याची नजर पानाच्या वरच्या भागावर जाते. तिथं त्याला तुमच्या वडिलांचं नाव, जात आणि वैवाहिक स्थिती दिसली, तर त्याचा शोध तिथंच अडकतो. ही सगळी माहिती लग्नाच्या बायोडाटातली. तिथून ती नोकरीच्या कागदात शिरली आणि रुजली. सरकारी भरतीचा अर्ज वेगळा, त्याचा नमुना ठरलेला असतो आणि जात, प्रवर्ग वगैरे तिथं विचारल्याप्रमाणे भरावंच लागतं. खासगी कंपनीला पाठवायच्या रेझ्युमेत मात्र यातलं काही नको. आधार आणि पॅनचा क्रमांक तर मुळीच नको. तो कागद किती मोबाइलांवरून फिरेल हे तुमच्या हातात नसतं.

मग वर काय हवं? तुम्ही केलेलं काम. हे मला जरा सावकाश सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होताना मी पाहिलंय.

आयटीआय झालेली मुलं लिहितात, ‘सीएनसी ऑपरेटर, ३ वर्षं अनुभव’. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन. एवढ्यानं काहीच कळत नाही. तीन वर्षं नुसता जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, मशीनवर लावून काढणाराही ऑपरेटर आणि मशीन हाताळणाराही ऑपरेटरच म्हणवतो. एका मुलाला मी समोर बसवून विचारत गेले, तेव्हा त्याची ओळ अशी झाली: ‘चाकणच्या कारखान्यात दोन सीएनसी लेथ एकटा सांभाळतो, फॅनुक कंट्रोलवर ऑफसेट देतो, इन्सर्ट बदलतो, बोअर गेज आणि मायक्रोमीटरनं स्वतः माप घेतो, एका शिफ्टला साधारण १८० नग.’ कुठल्याही शॉपमधल्या सुपरवायझरला ही ओळ दाखवा. ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापातली दुरुस्ती, स्वतः देतो म्हटल्यावर तो मान वर करून बघेल, कारण माप सरकलं की हा मुलगा मशीन बंद ठेवून सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याची, वाट बघत बसणार नाही, हे त्याला समजतं.

अकाउंट्सचंही तसंच. ‘टॅली येते’ असं प्रत्येक जण लिहितो. त्याऐवजी महिन्याला किती बिलांची नोंद करता, बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा ताळमेळ, तुम्ही करता की साहेब करतात, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३बी ही जीएसटीची मासिक विवरणपत्रं जाण्यासाठी तुमच्याकडून काय तयार होतं, हे लिहा. आकडा नेमका आठवत नसेल तर ‘साधारण’ म्हणा. फुगवू नका; मुलाखतीत त्याच आकड्यावर बोट ठेवलं जातं.

मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये मिसळणारा, वेळेचा पक्का, ही विशेषणं तेवढी काढून टाका. ती खोटी असतात असं मी म्हणत नाही. पण दोनशे अर्जांवर तीच असतात आणि त्यातून कुणाचाच चेहरा दिसत नाही. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जुनी फाइल उघडून फक्त नाव बदलून दिलेले रेझ्युमे मी लगेच ओळखायची. एकदा दोन मुलांच्या सहीशेजारी गाव एकच आणि तारीखही एकच, मागच्या वर्षीची निघाली. मुलं बिचारी दोन वेगळ्या तालुक्यांतली होती. आता हेच काम मोबाइलवरचं एआय करतं. त्याची मदत जरूर घ्या, पण त्याला तुमच्या ऑफसेटची आणि तुमच्या १८० नगांची माहिती तुम्ही दिल्याशिवाय ते कुठून लिहिणार?

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. पुण्यातल्या बहुतेक कंपन्यांना रेझ्युमे इंग्रजीत लागतो, आणि त्या धास्तीनं मुलं कुणाची तरी भारदस्त इंग्रजी वाक्यं उचलतात. आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा आणि संस्थेचा उत्कर्ष साधण्याचं ते ध्येय मी इतक्यांदा वाचलंय! तुम्ही आधी सगळं मराठीत लिहा, घरी आईला सांगाल तसं. सकाळी गेलो, हे केलं, ते केलं. मग त्याचं साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत रूपांतर करा किंवा कुणाकडून करून घ्या. त्यातला प्रत्येक शब्द तुमच्या तोंडी बसलेला हवा.

आता कागदाच्या रूपाबद्दल थोडंसं. मोठ्या कंपन्यांत आता आधी सॉफ्टवेअर अर्ज चाळतं. दोन रकाने, चौकटी, चित्रं, कौशल्यापुढे काढलेल्या चांदण्या यांत मजकुराची सरमिसळ होऊ शकते, म्हणून एका सरळ रकान्यात लिहा. जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय तोच वापरा, अर्थात ते काम खरंच येत असेल तर. टाइप केलेल्या मजकुराचीच पीडीएफ करा. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. मराठीत अर्ज पाठवणार असाल तर युनिकोडमध्ये टाइप करा, कारण जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांनी भरते. फाइलला तुमचं नाव द्या. नवख्यांना एक पान पुरतं, पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवाला दोन.

पत्ता पूर्ण नको, पण भाग लिहा. पुण्यात हे फार महत्त्वाचं. राहणार हडपसर आणि नोकरी चाकणला असेल, तर अर्ज चाळणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की हा रोज येणार कसा. कंपनीची बस तुमच्या बाजूला येत असेल, चाकणला खोली घ्यायची तयारी असेल, तिन्ही शिफ्ट चालत असतील, तर ती एक ओळ वरच टाका.

आणि आता त्या कोऱ्या पानाकडे येते.

मी त्या मुलाला विचारलं, “पाच वर्षं तू राहिलास, जेवलास. घरून येणारे पैसे पुरायचे का?”

“नाही मॅडम, शेवटची दोन वर्षं मी अभ्यासिका सांभाळायचो. म्हणजे मालक फक्त महिन्याला यायचे.”

“सांभाळायचास म्हणजे काय करायचास?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ९० जागा होत्या. कुणाला कुठली जागा, कोण सोडून गेलं, वेटिंगला कोण, याची वही त्याच्याकडे. फी तो गोळा करायचा, महिन्याचा हिशेब मालकांना द्यायचा. वायफायवाला, पाण्याचे जार, साफसफाईची मावशी, सगळं तोच बघायचा. रविवारी नव्या आलेल्या दहा-बारा मुलांना अंकगणित आणि बुद्धिमत्ता शिकवायचा. हे तो मला असं सांगत होता, जणू ही त्याच्या अपयशाची तपशीलवार यादी आहे.

आम्ही ते लिहिलं. ‘अभ्यासिका व्यवस्थापक, अर्धवेळ, २ वर्षं’, आणि खाली चार ओळी. त्याखाली स्पर्धा परीक्षेची वर्षं, कुठून कुठपर्यंत ते स्पष्ट घालून: राज्यसेवा पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण. मुख्य परीक्षेत राहिलो हे लपवायचं कारण नाही आणि त्यावर रडायचंही नाही. कंपनीतली माणसं गॅपला घाबरतात, कारण त्यांना तिथं अंधार दिसतो. तिथं काय होतं ते सांगितलं की बहुतेकांना पुरतं. ‘परत परीक्षेला बसणार का’ हा प्रश्न मात्र नक्की येतो. त्याचं खरं उत्तर आधी घरी ठरवून जा.

काही मुलं इथं खोट्या अनुभवाचा दाखला जोडतात. पैसे घेऊन असे दाखले देणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच क्रमांक, आहे. ज्यांचा फंड कापला गेला त्यांची कुठली नोकरी कधीपासून कधीपर्यंत ते तिथं दिसतं, आणि अनेक कंपन्या ते मागून बघतात. रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी खोटं उघडकीला येऊन काढून टाकलेली मुलं मी माझ्या टेबलासमोर बसलेली पाहिली आहेत. त्यांच्यात काम येणारीही होती. नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे पैसे मागणाऱ्यांपासूनही असेच लांब राहा; केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल २०१५ पासून आहे आणि तिथं नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

ज्या बहिणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधतायत, त्यांनाही हेच लागू आहे. माझ्या ओळखीच्या कोथरूडच्या एका बाईंनी ९ वर्षांच्या जागी ‘गृहिणी’ असा एकच शब्द लिहिला होता. त्या दर दिवाळीला फराळाच्या ऑर्डर घ्यायच्या, चार बायकांना कामाला लावायच्या, मालाची खरेदी, आगाऊ रक्कम, उधारी सगळं एका वहीत. ती वही त्यांनी मला दाखवली तेव्हा मी त्यांना म्हटलं, ताई, हे स्टोअर्सचं आणि खरेदीचं काम आहे, हे लिहा.

त्या मुलाला पहिल्या ठिकाणी नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी बोलावणं आलं, वाघोलीच्या एका गोदामात, माल रवाना करण्याच्या विभागात. मुलाखत झाल्यावर त्यानं मला फोन केला. बी.एस्सी.बद्दल एकच प्रश्न विचारला म्हणाला, बाकी सगळा वेळ फीच्या वहीबद्दल. कुणी दोन-दोन महिने फी दिली नाही तर तू काय करायचास, असं त्या साहेबांनी विचारलं. यानं सांगितलं, “सर, आमच्याकडची बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. सोयाबीनचे पैसे हातात आले नाहीत की फी लांबते. मी आधी त्यांना विचारायचो, पैसे कधी येतील. ते सांगतील ती तारीख वहीत लिहायचो आणि त्यांची सही घ्यायचो. मग त्या तारखेपर्यंत परत विषय काढायचो नाही.”

“आणि मग फी यायची?”

“बहुतेकांची यायची, सर.”

पुढच्या सोमवारपासून तो कामावर जायला लागला.

नमस्कार.