तलवारीचा वार आणि डोक्यावरचा टोप

मंडळी, 25 ऑक्टोबर 1854, क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई म्हटलं की सगळ्यांना इंग्रजांच्या हलक्या घोडदळाची लाईट ब्रिगेडच आठवते, पण त्याच दिवशी तिच्याआधी जड घोडदळाची हेवी ब्रिगेड रशियन घोडदळावर चढ चढून गेली होती आणि मला तिथूनच सुरुवात करायचीय. पुढे होता जनरल स्कार्लेट, डोक्यावर पितळी हेल्मेट. शेजारी त्याचा एडीसी (मदतनीस अधिकारी) इलियट, याच्या डोक्यावर कॉक्ड हॅट, म्हणजे कडा वर दुमडलेली अधिकाऱ्याची टोपी, कारण स्टाफने नीट ड्रेसमध्येच यायचं हा साहेबाचा आग्रह. रशियनांना ती हॅट बघून हाच जनरल वाटला आणि सगळे तुटून पडले त्याच्यावर, 14 जखमा झाल्या! हॅटमध्ये रेशमी रुमाल कोंबलेला होता म्हणून वाचला म्हणतात. स्कार्लेटचं हेल्मेट चेपलं, पण जखमा किरकोळ.

माझं म्हणणं एवढंच आहे की घोडेस्वाराचा टोप बघताना आधी तलवार कुठून येणार ते बघा, तुरा नंतर.

आता टार्लटन हेल्मेट घ्या. अमेरिकेतल्या लढाईत नाव कमावलेल्या बॅनस्टर टार्लटनच्या नावाने ओळखलं जातं, कडक चामड्याची कवटी, वर अस्वलाच्या केसांचा कंगोरा, पुढे डोळ्यांवर झडप. मला विचाराल तर लाईट ड्रॅगून्सना, म्हणजे इंग्रजांच्या हलक्या घोडेस्वारांना, याहून चांगलं काही मिळालं नाही. आणि 1812 ला काय केलं, तर ते काढून वर रुंद होत जाणारा उंच टोप, शाको, दिला, अगदी फ्रेंचांसारखा! इंग्रज सेनापती वेलिंग्टन आधीच वैतागून लिहीत होता की आम्हाला फ्रेंचांपेक्षा जितकं वेगळं ठेवता येईल तितकं ठेवा, कारण लांबून घोडेस्वाराची नुसती आकृती दिसते, त्यावरून आपला की परका ठरवायचं असतं. लंडनमध्ये कोण ऐकतंय? प्रिन्स रीजंटला, म्हणजे राजाच्या वतीने कारभार बघणाऱ्या युवराजाला, युनिफॉर्मचं भारी वेड, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण किंमत मोजायची होती ती स्वाराने.

हुसार म्हणजे हलके घोडेस्वारच, त्यांची बझबी ही केसाळ टोपी हंगेरीकडून आली. लान्सर्सची, म्हणजे भालेवाल्या स्वारांची, चौकोनी माथ्याची टोपी पोलंडची, 1811 ला स्पेनमध्ये अल्बुएराला नेपोलियनच्या पोलिश भालेवाल्यांनी इंग्रज पायदळाची एक ब्रिगेड जवळजवळ कापून काढली आणि मग 1816 ला इंग्रजांनी स्वतःच्या लान्सर रेजिमेंट उभ्या केल्या, टोपीसकट.

आपल्याकडचा एक धागा सांगतो. लाईट ब्रिगेडमधली 4थी लाईट ड्रॅगून्स त्याआधी बरीच वर्षं मुंबई इलाख्यात होती, आपल्या खडकीच्या छावणीतसुद्धा. इथल्या उन्हात पितळ काय आणि फेल्ट काय, डोकं भाजून निघतं. पुढे 1857 मध्ये टोप्यांवर पांढरी कव्हरं आली, भेंडाची हलकी सोला टोपी आली, तिच्यावर साहेब लोक फेटा गुंडाळायला लागले. हा फेटा देशी रिसाल्यातले स्वार आधीपासून बांधत होतेच, कापडाचे इतके थर की उन्हालाही आड येतात आणि हलक्या वारालाही.

नंतर रायफली सुधारल्या, तलवारीचा वार मागे पडला, आणि पितळी हेल्मेट परेडपुरती उरली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात घोडेस्वार खाकी कव्हरच्या टोप्यांत आणि रुंद काठाच्या स्लाउच हॅटमध्ये लढले. 1914 ला इंग्रजांचे हेच रिसाले पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले ते साध्या कापडी टोप्या घालून, स्टीलचं ब्रोडी हेल्मेट यायला 1915 उजाडलं.