तो आमच्यातलाच होता

नमस्कार मंडळी,

आपण हे असं सहज म्हणून जातो, पण मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना मिळून ‘मंडळी’च म्हणतात, मराठी बायबलमधलाच शब्द आहे तो. नगरला शाळेत माझी एक मैत्रीण होती ती दर रविवारी ‘मंडळीत जाते’ म्हणायची, तेव्हा मला त्यातलं काही कळायचं नाही. आज बोलायचंय ते आपल्याच गावातल्या, म्हणजे मिनियापोलिसच्या, ल्युथरन मंडळींबद्दल, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या पंथाच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांबद्दल.

२५ मे २०२० आठवतोय ना? मेमोरियल डेचा सोमवार होता. ३८ वा रस्ता आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला, ९ मिनिटं २९ सेकंद, आणि तो माणूस गेला. तीन दिवसांनी २८ तारखेच्या रात्री लेक स्ट्रीटवरचं तिसऱ्या प्रिसिंक्टचं पोलीस ठाणं जळत होतं आणि आपण सगळे सबर्बमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. त्या ठाण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होली ट्रिनिटी ल्युथरन चर्च आहे. कोविडमुळे रविवारची उपासना बंद, म्हणजे देवासाठीसुद्धा दार लावलेलं होतं म्हणा, पण अश्रुधुराने डोळे जळणारी आणि रबरी गोळ्या लागलेली माणसं यायला लागली तेव्हा त्यांनी ते दार उघडलं आणि जिथे प्रार्थना होते तिथेच मलमपट्टी सुरू झाली. पुढे टार्गेट बंद, कब बंद, त्या वस्तीत दूध आणायला दुकान उरलं नव्हतं, तेव्हा तिथूनच डायपर, धान्य, साबण वाटले गेले. जवळच गांधी महाल नावाचं एका बांगलादेशी कुटुंबाचं रेस्टॉरंट होतं, त्यांनीही आपल्या जागेत जखमींना घेतलं होतं, आणि ते जळून गेलं तेव्हा मालक म्हणाले की इमारत जळू दे, पण त्या माणसाला न्याय मिळायला हवा. मला हे आठवलं की अजून भरून येतं.

त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जळक्या दुकानांचेच फोटो फिरत होते. ‘हे लोक असेच’ असं कुणीतरी लिहिलं, त्यावर अंगठे आले, आणि मी काही बोलले नाही. ते मला अजून टोचतं. नंतर आम्ही तिघीजणी तांदळाची पोती आणि डायपर घेऊन लेक स्ट्रीटला गेलो खऱ्या, पण ग्रुपवर गप्प बसले ते बसलेच.

हे ल्युथरन चर्च काही पहिल्यापासून असं शहाणं नव्हतं. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीतून आलेल्या लोकांचं हे चर्च, आजही त्यांच्या मोठ्या संघटनेत, म्हणजे ईएलसीएमध्ये (इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन अमेरिका), नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं गोरी आहेत. आपले तेव्हाचे गव्हर्नर लूथर यंगडाल यांनी १९४९ मध्ये मिनेसोटाच्या नॅशनल गार्डमधला, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यातला, वर्णभेद बंद केला. त्यांचाच मुलगा विल्यम १९६० च्या दशकात ओमाहाच्या एका ल्युथरन चर्चमध्ये पास्टर होता. त्याने काय सुचवलं तर आपल्यातल्या दहा गोऱ्या जोडप्यांनी स्वखुशीने शेजारच्या दहा काळ्या ल्युथरन जोडप्यांच्या घरी जाऊन यावं. एवढंच, नुसतं जाऊन यायचं, गप्पा मारायच्या. तर तेवढ्यावरून असा गोंधळ झाला की त्याला राजीनामा द्यावा लागला!

आणि मग १७ जून २०१५. चार्लस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये, ते काळ्या लोकांचं जुनं मेथडिस्ट चर्च आहे, तिथे बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक गोरा पोरगा येऊन बसला, त्यांनी त्याला जागा दिली, आणि त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. तो पोरगा एका ल्युथरन मंडळीचा सभासद होता, आणि मेलेल्यांपैकी दोन पास्टर, पिंकनी आणि सिमन्स, ल्युथरन सेमिनरीतच, म्हणजे पास्टर घडवणाऱ्या विद्यालयातच, शिकलेले होते. ‘तो माथेफिरू होता, आमचा काही संबंध नाही’ असं म्हणून हात झटकता आले असते, पण ईएलसीएच्या तेव्हाच्या प्रमुख बिशप एलिझाबेथ ईटन यांनी जाहीर लिहिलं की तो आमच्यातलाच होता. पुढे २०१९ मध्ये गुलामगिरीतल्या आणि वर्णभेदातल्या आपल्या वाट्याबद्दल चर्चने आफ्रिकन वंशाच्या लोकांची लेखी माफी मागितली आणि १७ जून हा पश्चात्तापाचा दिवस ठरवला. माफीने काय होतं असं विचारणारे असतात, पण मला वाटतं ‘आमच्यातलाच’ हा शब्द तोंडातून निघणं हेच सगळ्यात अवघड असतं, कारण आपण नेमकं उलटं करतो, आपलं कुणी वाईट वागलं की लगेच ‘तो आपल्यातला नाही हं’.

आपल्या घरांत काळ्या लोकांसाठी जो शब्द वापरतात तो मी या स्टेजवरून उच्चारणार नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, मुलांनाही. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला म्हणून आपल्यासारख्यांना या देशाचं दार मोकळं झालं, आणि तो सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या, लाटेत झाला, म्हणजे ज्यांनी रस्त्यावर मार खाल्ला त्यांच्यामुळे. आणि त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, आपल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसलं, आणि आपण इथे इतकी वर्षं राहतोय.

तर माझं मागणं छोटंच आहे. नॉर्थ मिनियापोलिसमधल्या एका ल्युथरन मंडळीशी बोलणं झालंय, रविवारच्या उपासनेनंतरच्या जेवणाला ते आपल्याला बोलावतायत आणि पुढच्या महिन्यात ते आपल्याकडे येतील, साधं वरण-भात-भाजी, हॉल सजवायचा नाही. दहा घरं हवीत. बाहेर चहाच्या टेबलावर वही ठेवलीय, पहिलं नाव माझं आहे, नऊ ओळी रिकाम्या आहेत.