ट्रॉलीतली बाजरी

(दृश्य: अर्ध्यावर उघडलेलं शटर. बाहेर ट्रॉल्यांची आणि माणसांची रांग.)

जानेवारीचा पहिला आठवडा. पगार झालेत, संक्रांत तोंडावर आहे. भोसरीतलं हे सवलतीचं सुपरमार्केट उघडायला अजून वीस मिनिटं आहेत आणि रांग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलीय. आत चित्रीकरण करू दिलं ते दोन अटींवर. दुकानाचं नाव घ्यायचं नाही आणि कॅमेरा धान्याच्या विभागाबाहेर न्यायचा नाही. आपल्याला तरी कुठे जायचं होतं?

(दृश्य: कापडी पिशवीच्या तोंडाला प्लास्टिकची पट्टी आवळणारे हात.)

दारातच रांगेतल्या एका काकूंच्या पिशवीला सील लागलं. सामानाची यादी पिशवीतच राहिली. “राहू दे, पाठ आहे,” काकू म्हणाल्या. बाजरी तीन किलो, तीळ अर्धा किलो, चिक्कीचा गूळ, मुगाची डाळ. भोगीची खरेदी.

(दृश्य: सुट्या धान्याचे खण. बाजरीत बुडालेला हात. सावकाश.)

हा हात नीट पाहा. काकूंनी मूठभर बाजरी घेतली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. फोलपट उडालं, दाणे राहिले. हिरवट राखाडी, टपोरे. मग चार दाणे दाताखाली. नवी बाजरी चावली की जरा गोडसर लागते. जुनी निस्तेज दिसते आणि हाताला पीठ लागतं. पीठ लागलं की समजायचं, आत कीड फिरून गेलीय.

बाजरी खरिपाची. जून-जुलैत पेरायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायची. अहिल्यानगर, नाशिक, धुळे, बीडकडचा नवा माल थंडीच्या तोंडावर बाजारात उतरतो. म्हणून भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. “न खाई भोगी तो सदा रोगी” हे म्हणणाऱ्यांना हंगामाचं गणित कुणी शिकवलं नव्हतं. कणगीत तेव्हा तेच असायचं.

(दृश्य: शेजारच्या फळीवर बाजरीच्या पिठाची पाकिटं. काकूंचा हात त्यांना ओलांडून पुढे जातो.)

पीठ तयार मिळतं, तरी काकूंनी पाकिटाला हात लावला नाही. बाजरीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा आणि स्निग्धांश गव्हाच्या दुपटीहून जास्त. दाणा अखंड आहे तोवर सगळं ठीक. दळला की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्या तेलाला फोडायला लागतात, आणि आठवड्याभरात पीठ कडू पडायला लागतं. पाकिटावर दळल्याची तारीख बघा. आणि या खणापुढे उभे असाल तर दाणेच घ्या.

(दृश्य: समोरची फळी. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचा मनोरा.)

बाजरीच्या बरोब्बर समोर हा मनोरा. आम्ही रचलेला नाही. पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, तसा नियमच आहे. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर पुढच्या चित्रातल्या कणसांकडे दुर्लक्ष करा. आणखी एक गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. लेबल लावून पाकिटात बांधलेल्या बाजरीवर २०२२ पासून तेवढाच, ५ टक्के. सुट्या बाजरीवर काही नाही. खणातून मोजून घेण्याचं हे एक जास्तीचं कारण.

(दृश्य: छतापर्यंत रचलेली पोती. माल उतरवणारे कामगार.)

अशा दुकानांना स्वस्तात विकणं परवडतं कसं? मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत अपना बाजार सहकारातून उभा राहिला. सभासदांनी मिळून घाऊक घ्यायचं, असा तो विचार. २००२ साली पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं, आता देशभर त्यांची ४०० हून जास्त आहेत. त्यांची रीत वेगळी. जागा शक्यतो स्वतःच्या, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे भाव पाडून मागता येतो. दिखाव्यावर खर्च कमी. जे पटापट खपतं त्यालाच फळीवर जागा.

बाजरीची अडचण नेमकी इथे येते. फेब्रुवारी संपला की खप उतरतो आणि हा खण लहान होतो.

(दृश्य: भावाची पाटी, अगदी जवळून.)

पाटीवरचा भाव तुम्हाला दिसतोय. २०२५-२६ च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये, म्हणजे किलोला पावणेअठ्ठावीस. शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती पडतं, तो वेगळा विषय.

(दृश्य: गुळाच्या ढेपा. पिवळीधमक आणि काळपट, शेजारी शेजारी.)

गुळाच्या दोन ढेपा. पिवळी बघायला छान, पण तो रंग बऱ्याचदा गुऱ्हाळात रसायन घालून आणलेला असतो. काकूंनी काळपट उचलली. तीळही पॉलिश केलेले पांढरेशुभ्र नको, सालीचे हवेत. कॅल्शियमचा मोठा वाटा सालीत असतो.

(दृश्य: गिरणी. पट्ट्याचा आवाज. निवेदन काही क्षण थांबतं.)

भाकरीची चक्की वेगळी, गव्हाची वेगळी. काकू डब्यापाशी उभ्याच राहिल्या, नजर हलवली नाही. दीड किलोच दळून घेतलं, बाकीचे दाणे डब्यात परत. हाताला लागणारं हे पीठ अजून गरम आहे.

बाजरीत लोह भरपूर, पण शरीराला ते सहजी लागत नाही, लिंबू पिळलेलं काही सोबत असावं. धनशक्ती नावाचं जास्त लोहाचं वाण आहे, खणावर मात्र वाणाचं नाव नसतं.

(दृश्य: सुपरमार्केटच्या फाटकाबाहेर गोणपाट. हरभऱ्याचे डहाळे, पावट्याच्या शेंगा, गाजरं, बोरं.)

ही भाजी आतली नाही. फाटकाला लागून बसलेल्या मावशींकडची आहे. भोगीच्या भाजीला लागणारं सगळं त्यांच्या एका गोणपाटावर. काकूंनी सुपरमार्केटची पिशवी खाली ठेवली, डहाळ्याची जुडी उचलली, एक घाटा सोलून तोंडात टाकला.

“कवळाय बघा,” मावशी म्हणाल्या.

“मग दोन द्या.”

(दृश्य: तवा. भाकरीवर तीळ, फुगत आलेला पापुद्रा. फक्त आवाज.)