ग्लोमिंग आणि कडूसं

नमस्कार मंडळी.

आज मला एका शब्दाचं कौतुक करायचं आहे. शब्द इथला, स्कॉटलंडचा आहे: 'ग्लोमिंग'. सूर्य बुडाल्यापासून काळोख दाटेपर्यंतचा सगळा वेळ म्हणजे ग्लोमिंग. आमच्या शेजारच्या आजी जूनमध्ये रात्री साडेदहाला कुंपणापाशी उभ्या असतात. गुलाबाची सुकलेली फुलं खुडता खुडता सांगतात, "ग्लोमिंग आहे तोवर जरा पाय मोकळे करून येते." त्यांच्या तोंडात हा शब्द इतका रुळलेला आहे की ऐकतच राहावं.

शब्द हजार वर्षांहून जुना. जुन्या इंग्रजीत तो 'ग्लोमुंग' होता. इंग्लंडात मागे पडला, स्कॉट लोकांनी बोलण्यात टिकवला आणि पुढे त्यांच्याच कवींच्या लेखनातून तो इंग्रजीत परतला. ऐकताना 'ग्लूम', म्हणजे उदास काळोख, आठवतो, त्यामुळे उदास वाटतो. अभ्यासक मात्र त्याचं नातं 'ग्लो'शी, म्हणजे मंद तेजाशी, जोडतात. चुलीतला जाळ गेल्यावर राखेखाली निखारा लाल राहतो, तसा हा उजेड. अंधार पडण्याच्या वेळेला उजेडावरून नाव देणारी माणसं मला फार आवडतात.

आणि ते इथेच का टिकलं असेल, हे आकाशाकडे पाहिलं की समजतं. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत बाहेर दिव्याशिवाय वावरता येतं. मुंबई-पुण्यात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. एडिंबऱ्यात जूनच्या अखेरीस त्याला तासभर लागतो, कारण सूर्य तिरका, रेंगाळत जातो. त्यानंतरही मध्यरात्री तो साडेदहा अंशांच्या आसपासच खाली असतो, म्हणजे उत्तरेकडे फिकट पट्टा रात्रभर राहतो. स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर तर संध्याकाळ पहाटेलाच जाऊन मिळते. तिथले लोक त्याला 'सिमर डिम' म्हणतात.

आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत केवढी धांदल! गुरं परतायची, म्हणून गोरज. देवापाशी दिवा लागायचा, म्हणून दिवेलागण. शुभं करोति, मग पाढे, परवचा. तिन्हीसांजेला झोपायचं नाही, केर काढायचा नाही, शेजारी दूध-दही द्यायचं नाही. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारलं तेही याच वेळी, उंबऱ्यावर, कारण तेव्हा धड दिवस नसतो आणि धड रात्रही नसते. आपल्या सांजेला पावित्र्य आहे आणि थोडं भयही आहे. 'कातरवेळ' म्हटलं की ते भय आलंच. परदेशात आल्यावर तर ते जास्तच जाणवतं.

माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, आणखी एक शब्द होता, 'कडूसं'. "कडूसं पडलं, पोरं अजून रानातच हाईत," असं आजी म्हणायची. दिवस बुडालाय, पायवाट अजून दिसतेय, समोरून येणारा माणूस चालीवरून ओळखू येतोय पण चेहरा कळत नाही, ते कडूसं. प्रमाण भाषेत मला याला जोड सापडत नाही. 'संधिप्रकाश' पुस्तकात बरा, त्यात रान नाही आणि पोरंही नाहीत.

आता आपल्या इथल्या घरांचं पाहा. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्याही आधी मावळतो. मुलं शाळेतून घरी पोचेपर्यंत कडूसं पडतं. जूनमध्ये सूर्यास्त दहाच्या सुमारास, म्हणजे लहान मुलं दिवस असतानाच अंथरुणात. मग तिन्हीसांजेला झोपू नये हे त्यांना कसं सांगायचं? बरीच घरं दिवा घड्याळाने, सातला लावतात. त्यात काही वावगं नाही. मी मात्र हिवाळ्यात तो आकाश बघून लावते. मुलं दप्तर टाकतात, बाहेर निळसर काळोख असतो आणि 'दिवेलागण' म्हटल्यावर समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात ग्लोमिंगला आम्ही मोठी माणसं बाहेर फिरतो, मिणमिणत्या उजेडात कडूसं, गोरज, सगळे शब्द वापरतो. शब्द वापरल्याशिवाय राहत नाहीत, हे त्या शेजारच्या आजींकडून मी शिकले.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या गावी या वेळेला काय म्हणत, ते त्यात लिहा. कोकणातल्यांनी 'तिनसान' लिहावं, गोव्याच्या मंडळींनी त्यांचं 'तिनसांज'. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, बेळगाव, बडोदा, इंदूर, कुठलंही चालेल. शब्दासोबत गावाचं नाव आणि तो ज्या वाक्यात ऐकलात ते वाक्य, जसं कानात आहे तसंच, शुद्ध न करता लिहा. ज्यांना देवनागरी लिहायची सवय उरलेली नाही, त्यांनी माझ्याजवळ येऊन नुसतं बोलून दाखवावं, मी लिहून घेईन.