फक्त तोंड हलव

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष महाशय, आणि पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवून मागे दाटीवाटीनं बसलेल्या मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘गाणे : कृतज्ञता, आनंद आणि नाते’. तीन शब्द आणि पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे प्रत्येकाला पंधरा, असा माझा साधा हिशेब होता. पण दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि माझा परिचय यातच वीस मिनिटं गेली. परिचयात माझ्यापेक्षा माझ्या सासऱ्यांविषयी जास्त होतं, ते योग्यच आहे. एका शब्दाचा बळी जाणार. कोणता, ते बघू.

मला ‘संगीतप्रेमी’ म्हणालात. खरं आहे, पण हे प्रेम एकतर्फी आहे. मला गाता येत नाही.

सहावीत होतो. स्नेहसंमेलनात समूहगान होतं, चाळीस मुलं, तीन रांगा. मी मधल्या रांगेत. बाईंनी पेटी वाजवता वाजवता भाता सोडला, भुवई उंचावली आणि म्हणाल्या, ‘कोणीतरी आहे.’ जसं घरात उंदीर शिरल्यावर म्हणतात ना, तसं. मग आम्हाला गात ठेवून त्या रांगेतून फिरायला लागल्या, एकेकाच्या तोंडाशी कान नेत. त्या कानात मोत्याची कुडी होती. ती कुडी माझ्यासमोर आली आणि थांबली. बाई रागावल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो. त्या प्रेमानं म्हणाल्या, ‘बाळ, तू फक्त तोंड हलव हं.’

मी हलवलं. कार्यक्रमाच्या दिवशी इतकं मनापासून हलवलं की आई शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘एवढ्या पोरांत आमच्याचा आवाज कसा वेगळा कळतोय बघा!’

हसा, हसा. पण यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं मी तोंडच हलवत होतो. राष्ट्रगीताला तोंड हलवलं, शाळेच्या प्रार्थनेला हलवलं. लग्नात मंगलाष्टका म्हणा म्हणाले तर मी अक्षता वाटायला पळायचो. स्वतःच्या मुलीला झोपवताना बाराचा पाढा म्हटला आहे मी. ती आज चार्टर्ड अकाउंटंट आहे, हा भाग वेगळा.

एक जागा मात्र अशी होती जिथे ही बंदी लागू नव्हती. चाळीतली आरती. खोलीत माणसं पंचवीस, झांजांचा जोड एकच, तोही ज्यानं हिसकावला त्याचा. कापराचा धूर, घाम, मोदकांचा वास. तिथे कोण बेसूर आहे हे शोधायला बाईंचा कान अपुरा पडला असता. मी ठणकावून ‘फळीवर वंदना’ म्हणायचो. आमच्याकडे गणपती फळीवरच बसायचा, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. मूळ शब्द ‘फणिवरबंधना’ आहे हे कॉलेजात कळलं आणि थोडं वाईटच वाटलं. माझा मित्र ‘संकष्टी पावावे’ म्हणायचा. त्याला वाटे, देव महिन्यातून एकदाच पावतो. आणि ‘दीपक जोशी नमोस्तुते’ हा गृहस्थ तर तुमच्याही घरी राहत होता, माना डोलावू नका नुसत्या. ‘येई हो विठ्ठले’ला ‘माउली ये’चा तो ‘ये’ ज्याचा सगळ्यात लांब टिकेल, त्याला त्या दिवशी पहिला मोदक.

आता मी सोसायटीत राहतो. गणपती मोठा, मांडव मोठा. आरतीला कोणीतरी मोबाइल स्पीकरला जोडतं. नामांकित आवाज, अचूक सूर, मागे व्हायोलिन. आम्ही साठ-सत्तर माणसं टाळ्या वाजवत उभे, आणि तोंड हलवतोय. मागच्या वर्षी मध्येच जाहिरात लागली. गुडघेदुखीच्या तेलाची. टाळ्या चालूच होत्या.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बरं.

थोडक्यात सांगतो. पन्नाशीला टेकलो तेव्हा आमच्याजवळच्या विठ्ठलाच्या देवळात एकादशीच्या भजनाला कोपऱ्यात बसलो होतो. तिथल्या विणेकरी बुवांनी माझ्या गळ्यात टाळ अडकवला. मी म्हटलं, ‘बुवा, मला येत नाही.’ ते म्हणाले, ‘गायचं मी. तुम्ही मागनं धरायचं. सुटलं तर थांबू नका, पुढच्या विठ्ठलाला या.’ तासाभरात टाळाच्या दोरीनं बोट सोललं. पखवाजाची थाप छातीत लागत होती, आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. चाळीतली आरती सोडली तर सहावीनंतर मी पहिल्यांदा गात होतो. कृतज्ञता म्हणाल तर ती ही. आपलं सुटतं तेव्हा बाकीचे धरून ठेवतात.

आता ओव्या. जात्यावर बायका समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात, एक जात्यात दाण्यांची वैरण घालणार, आणि घरघर हाच तानपुरा. पहिली माझी ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, अशी मोजणी चालायची. विठोबा, आईबाप, भाऊ, सगळ्यांची आठवण पीठ पडता पडता. ‘आभारी आहे’ असं आपल्याकडे एरवी कोण म्हणतं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा करायला लावल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या. त्या गाणाऱ्या बायकांतल्या एकीलाही कुणी तोंड हलव म्हटलं नव्हतं. विजेची गिरणी आली, हाताचे घट्टे गेले, फार चांगलं झालं. ओवीही गेली.

नातं. २०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्याच्या ओळीमुळे सगळ्यांचा श्वास एका वेळी होतो, त्यामुळे ठोक्यांची गतीही बरोबरीनं वाढते, बरोबरीनं उतरते. बुवांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग?’

शेवटचं. माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, नंतर टाळ थांबतो. मंडळी, मगापासून मी तेच करतोय. तुम्ही ऐकून घेतलंत.

दुसरी चिठ्ठी. यावर नुसतंच उद्गारचिन्ह आहे. आनंद राहिला, अध्यक्ष महाशय.

पत्रिकेनुसार आता पसायदान. म्हणजे ताई माइकवर म्हणणार आणि आपण उभे राहून तोंड हलवणार. ताई, तुमचा गळा गोड आहे, राग मानू नका, पण तो माइक जरा बंद करता का? सुरुवात तुम्हीच करा. आम्ही मागनं धरतो.